शेतकऱ्यांचा आमदार : कर्मवीर दादासाहेब गायकवाड

गंगाखेडच्या गायरानापासून दिल्लीच्या संसदेपर्यंत गेलेला सातबाराचा प्रश्न

आमदार म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर काय येते? पांढरी गाडी, मागे-पुढे कार्यकर्ते, गळ्यात हार आणि निवडणुकीच्या दिवसांत हात जोडून वस्तीत येणारा माणूस. पाच वर्षांतून एकदा तो आपल्या दारात येतो. उरलेला काळ आपण त्याच्या दारात जातो. पण आपल्या समाजाने असाही एक आमदार पाहिला आहे, जो खेड्यातल्या शेतकरी कुटुंबातून आला, विधिमंडळात गेला, पुढे लोकसभेत आणि राज्यसभेत गेला, आणि शेवटपर्यंत एकच प्रश्न विचारत राहिला : राबणाऱ्याच्या नावावर जमीन का नाही? त्यांचे नाव कर्मवीर दादासाहेब गायकवाड.

गंगाखेड तालुक्यातील वाचकांना हा प्रश्न नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. गोदावरीच्या काठचे हे गाव संत जनाबाईचे गाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण गोदाकाठची काळी जमीन एकाची आणि त्या जमिनीवर वाकणारी पाठ दुसऱ्याची, ही इथली जुनी रीत. दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला निघणारी बिऱ्हाडे, मुंबई-पुण्याच्या झोपडपट्टीत विसावलेली कुटुंबे आणि गावात राहून गायरानाच्या तुकड्यावर ज्वारी-तूर पेरणारे आपले बांधव, या सगळ्यांच्या कहाणीचे मूळ एकच आहे. स्वतःच्या नावाची जमीन नाही. म्हणूनच नाशिक जिल्ह्यातल्या या माणसाचे चरित्र परभणी जिल्ह्यातल्या घरांत वाचले गेले पाहिजे.

आंबे गावचा भाऊराव

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. घर शेतकऱ्याचे, जात महार. त्या काळी मुंबई इलाख्यात महाराची शेती म्हणजे बहुधा वतनाची शेती. १८७४ च्या वतन कायद्याने ही व्यवस्था पक्की करून ठेवली होती. गावाची राखण करायची, सरकारी टपाल पोहोचवायचे, पाटील-तलाठ्याच्या हाकेला रात्री-अपरात्री धावायचे, मेलेली गुरे ओढायची आणि त्याबदल्यात जमिनीचा एक लहानसा तुकडा व बलुते घ्यायचे. जमीन नावाला आपली, पण ती चाकरीला बांधलेली. चाकरी सोडली की जमीन गेली आणि जमीन धरून ठेवली की गुलामी कायम. भाऊ वाढले की तुकड्याचे आणखी तुकडे होत. वतनाच्या भाकरीने महाराचा स्वाभिमान मारला, असे परमपूज्य बाबासाहेबांचे म्हणणे होते. म्हणून १९२८ सालीच त्यांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले होते.

अशा गावातून भाऊराव नाशिकला आले आणि बाबासाहेबांच्या चळवळीत पडले. आपल्या मुलांसाठी नाशिकला जे वसतिगृह चालवले जात होते, त्याची जबाबदारी त्यांनी वाहिली. ते बॅरिस्टर नव्हते की प्राध्यापक नव्हते. धोतर नेसणारा, खेड्यातल्या माणसाशी खेड्याच्या भाषेत बोलणारा हा कार्यकर्ता होता. पण बाबासाहेबांना माणसांची पारख होती. दादासाहेबांना त्यांनी वर्षानुवर्षे जी पत्रे लिहिली, ती आज ग्रंथरूपाने छापली गेली आहेत. चळवळीच्या नाजूक गोष्टी, पैशाची ओढाताण, पुढचे डावपेच हे सारे त्यांत आहे. आपल्या मनातले एवढे मोकळेपणाने लिहावे असा विश्वास बाबासाहेबांनी फार थोड्यांवर टाकला.

काळाराम मंदिराचा दरवाजा

२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब नेते होते आणि सत्याग्रह समितीचे चिटणीस होते भाऊराव गायकवाड. हजारो स्त्री-पुरुष मंदिराच्या दारांशी बसले. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्याच्या वेळी दगडांचा मारा झाला, डोकी फुटली. बाबासाहेबांना गोलमेज परिषदेसाठी विलायतेला जावे लागले, मुंबईची कामे सांभाळावी लागली. अशा वेळी नाशिकची आघाडी टिकवणे, तुकड्या पाठवणे, अटक झालेल्यांच्या घरी धान्य पोहोचेल हे पाहणे ही कामे स्थानिक कार्यकर्त्यांच्या अंगावर पडली. एका दिवसाचा मोर्चा कोणीही काढतो. हा सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला.

पुढे ३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी भाऊरावांना सत्याग्रह थांबवण्याचा सल्ला दिला. देवळात शिरल्याने आपला उद्धार होईल असे त्यांना कधीच वाटत नव्हते. आपली ताकद आता शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी, असा त्या पत्राचा आशय होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवले गावी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. काळारामाचे दार उघडले नाही, पण त्या दारापाशी बसलेल्या माणसांनी स्वतःचा रस्ता शोधला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जे घडले, त्याच्या मागे नाशिकच्या त्या उन्हातान्हातली ही पायपीट आहे.

शेतकरी विधिमंडळात

१९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नाव नीट पाहावे. पक्षाच्या नावात जात नाही, मजूर आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांताच्या १७५ जागांपैकी १५ जागा पुणे करारानुसार अस्पृश्यांसाठी राखीव होत्या. मतदानाचा हक्क त्या वेळी सर्वांना नव्हता. कर भरणारा, थोडीफार मालमत्ता असणारा किंवा शिकलेला एवढ्यांनाच मत देता येत असे. अशा अपुऱ्या मतदार यादीतूनही स्वतंत्र मजूर पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले. नाशिक जिल्ह्यातून भाऊराव गायकवाड आमदार झाले. त्या वेळी त्यांचे वय होते ३४ वर्षे.

आंबे गावचा माणूस कायदे करणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसला, याचा अर्थ त्या पिढीला चांगला कळत होता. ज्या तलाठ्यासमोर बाप हात जोडून उभा राहायचा, त्या तलाठ्याच्या खात्याच्या मंत्र्याला मुलगा प्रश्न विचारणार होता. आणि या पक्षाच्या आमदारांनी प्रश्न विचारलेच. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी कोकणातील खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. खोताच्या जाचाखाली भरडलेली कुळे केवळ महार नव्हती. कुणबी, आगरी आणि इतर जातींचे शेतकरी त्यांत होते. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला, त्याचे पुढारी बाबासाहेब होते. अस्पृश्यांचा पुढारी शेतकऱ्यांचा मोर्चा नेतो, ही गोष्ट अनेकांच्या पचनी पडली नाही. आजही आपल्या शाळेच्या पुस्तकांतून हा मोर्चा फारसा सापडत नाही.

ते विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. वतनाचेही तसेच झाले. सरकारने वतन जमिनींवरची जुडी वाढवली, तेव्हा डिसेंबर १९३९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यात हरेगाव येथे महार वतनदारांची मोठी परिषद भरली. अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली आणि १ ऑगस्ट १९५९ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. जमीन आकाराच्या पटीत ठरलेली रक्कम भरून मूळ वतनदाराला परत मिळू लागली, पण नव्या शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग-२’ असे लिहिलेले असते ते हेच.

मराठवाड्याचा प्रश्न वेगळा होता

आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो मुंबई राज्याला जोडला गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. देशमुख-देशपांडे, जहागीरदार, इनामदार यांच्या ताब्यात जमिनीचे मोठे पट्टे आणि आपल्या वाट्याला सालगडीपण, अशी इथली घडी. पण गावोगाव गायरान होते, सरकारी पडीक जमीन होती. ती कुणाच्याच नावावर नव्हती.

१९५३ मध्ये, बाबासाहेबांच्या हयातीतच, मराठवाड्यात या जमिनींसाठी सत्याग्रह झाला. शहरातला शिकलेला वर्ग नोकरीला लागेल, पण खेड्यातल्या भूमिहीनाचे काय, ही चिंता बाबासाहेबांना शेवटच्या वर्षांत सतत होती. ते काम त्यांनी दादासाहेबांच्या खांद्यावर दिले. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. पोरक्या झालेल्या समाजाला पुढे काय द्यायचे, हा प्रश्न उभा राहिला. दादासाहेबांनी उत्तर दिले : जमीन.

१९५७ मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे, आचार्य अत्रे यांच्या बरोबरीने ते उभे होते. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. आणि १९५९ मध्ये भूमिहीनांच्या सत्याग्रहाची हाक गेली. खानदेश, मराठवाडा आणि राज्याच्या इतर भागांत आपली माणसे गायरानावर नांगर घालून तुरुंगात गेली. त्या वेळी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते. सरकारने पडीक जमिनी भूमिहीनांना देण्याचे मान्य केले.

त्याहून मोठा सत्याग्रह १९६४ चा. त्या वर्षी १ ऑक्टोबरला दिल्लीत मोर्चा नेऊन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद देण्यात आली. कसेल त्याला जमीन द्या, पडीक जमीन भूमिहीनाला द्या, किमान वेतनाचा कायदा खरोखर अमलात आणा, धान्य रास्त भावात द्या, झोपडपट्टीवाल्यांना निवारा द्या, बौद्धांना सवलती द्या, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, अशा त्या मागण्या होत्या. मागण्यांची ही यादी शांतपणे वाचली तर लक्षात येते की तीत फक्त आपल्याच जातीच्या माणसाच्या कामाचे असे फार थोडे आहे. भुकेल्या प्रत्येक माणसाची ती यादी होती.

उत्तर समाधानकारक आले नाही, म्हणून ६ डिसेंबर १९६४ या महापरिनिर्वाणदिनी देशभर सत्याग्रह सुरू झाला. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, पंजाब आणि इतर राज्यांतून लोक लाखोंच्या संख्येने तुरुंगात गेले. बायाबापड्या कडेवर लेकरे घेऊन पोलिसांच्या गाडीत चढल्या, असे चळवळीतली जुनी माणसे सांगत आली. ज्या बाईला गावच्या चावडीची पायरी चढायची बंदी होती, ती बाई आपणहून तुरुंगाची पायरी चढली. जमीन मागायला गेली आणि भीती टाकून आली.

त्या मागण्यांपैकी काही पदरात पडल्या, पण किती उशिरा! संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागले ते १२ एप्रिल १९९० रोजी. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या त्याही १९९० मध्येच. महाराष्ट्राने त्या १९६० सालीच दिल्या होत्या. जमिनीची मागणी मात्र आजही अर्धवट आहे.

मतभेद आणि मर्यादा

थोर माणसाचे चरित्र लिहिताना त्याच्या वाटेतले काटे लपवू नयेत. १९५९ मध्येच रिपब्लिकन पक्षात मोठी फूट पडली. एका बाजूला दादासाहेब, दुसऱ्या बाजूला ॲड. बी. सी. कांबळे. कांबळे यांच्या बाजूचे म्हणणे असे की बाबासाहेबांनी घटनात्मक मार्ग दाखवला आहे, रस्त्यावरचे लढे आणि कम्युनिस्टांची संगत ही त्या मार्गाला सोडून आहे. दादासाहेबांचे म्हणणे असे की खेड्यात उपाशी असलेल्या माणसाला जमिनीच्या लढ्याशिवाय दुसरा कोणता मार्ग आहे? दोन्ही बाजू बाबासाहेबांचेच नाव घेत होत्या. त्यातच शहरातला शिकलेला आणि खेड्यातला अडाणी अशी एक दरी उघडी पडली. ती दरी अजून पुरती बुजलेली नाही.

पुढे दादासाहेबांनी काँग्रेसशी समझोता केला, त्यावरही टीका झाली. या समझोत्याने पक्षाची धार बोथट झाली असे अनेकांचे मत आहे आणि ते अगदीच खोटे म्हणता येणार नाही. १९६२ ते १९६८ ते राज्यसभेत होते. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, मुंबईच्या झोपडपट्टीतली तरुण पोरे दलित पँथर म्हणून रस्त्यावर आली. एक पिढी संपली आणि दुसरी उभी राहिली.

दादासाहेबांनी एकट्याने मोठे होण्याचा मार्ग धरला नाही, हेही सांगितले पाहिजे. नाशिकच्या शांताबाई दाणी त्यांच्या बरोबरीने चळवळीत राबल्या आणि १९६८ ते १९७४ या काळात विधान परिषदेच्या सदस्य झाल्या. आपल्या मुलींना ही नावे माहीत असली पाहिजेत. आमदारकी ही केवळ बापाकडून मुलाकडे जाणारी वस्तू नाही.

गंगाखेडने काय शिकावे

गंगाखेड विधानसभा मतदारसंघ २००९ पूर्वी अनेक निवडणुकांत अनुसूचित जातींसाठी राखीव होता. शेतकरी कामगार पक्षाचे ज्ञानोबा हरी गायकवाड यांच्यासारखे प्रतिनिधी इथून निवडून गेले. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर ही जागा खुली झाली. राखीव जागा असो वा खुली, मतदाराने विचारायचा प्रश्न एकच : आमच्या जमिनीसाठी, मजुरीसाठी, मुलांच्या वसतिगृहासाठी सभागृहात तुम्ही किती वेळा उभे राहिलात? दादासाहेबांच्या जीवनाने आपल्याला हा मापदंड दिला आहे. हार घालणे सोपे आहे, हिशेब मागणे अवघड आहे.

आता घराघरातल्या कामाची गोष्ट. महाराष्ट्र शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ रोजी एक निर्णय काढला. १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरानावर शेतीसाठी अतिक्रमण केलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांना पात्रतेनुसार ती जमीन नियमित करून देण्याचा तो निर्णय आहे. पण कितीतरी कुटुंबांची जमीन कसण्यात दोन पिढ्या गेल्या आणि कागद मात्र झाला नाही. २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याबाबत निकाल दिला. त्याच निकालात भूमिहीन मजुरांना व अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासनाने रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद सांगितला आहे. २०२२ मध्ये गायरानावरील अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा गावोगाव गेल्या, तेव्हा ज्यांच्याजवळ कागद होता त्यांना बोलायला जागा होती. ज्यांच्याजवळ नव्हता ते फक्त हात जोडून उभे राहिले.

म्हणून प्रत्येक घराने पेटी उघडून पाहावे. तलाठ्याकडील गाव नमुना १-ई ही अतिक्रमणाची नोंदवही असते. तिच्यात आपल्या वडिलांचे, आजोबांचे नाव कोणत्या वर्षापासून आहे, याची नक्कल घ्यावी. दंड भरल्याच्या जुन्या पावत्या, पीकपाहणीच्या नोंदी, ग्रामपंचायतीचे ठराव जपून ठेवावेत. पावती म्हणजे रद्दी नव्हे. कोर्टात तीच आपल्या बाजूने बोलते. वर्ग-२ ची जमीन असेल तर कोणाच्या गोड बोलण्याला भुलून कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये.

दादासाहेबांच्या नावाने शासनाची योजनाही आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४-०५ पासून सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन द्यायची, अशी ती योजना. आधी निम्मे अनुदान आणि निम्मे बिनव्याजी कर्ज होते. २०१८ च्या निर्णयाने ती पूर्ण अनुदानाची झाली. विधवा व परित्यक्ता भगिनींना आणि अत्याचारपीडितांना तीत प्राधान्य आहे. जमीन पती-पत्नी दोघांच्या नावे होते आणि ती विकता येत नाही. अडचण एवढीच की शासनाने ठरवलेल्या दरात चांगली जमीन विकायला कोणी पुढे येत नाही. योजना कागदावर हिरवी आणि रानात कोरडी, असे अनेक ठिकाणी दिसते. हा दर वाढवून घेणे, सरकारी पडीक जमिनीतून वाटप करून घेणे, हे आमदाराचे काम आहे. आणि त्याच्याकडून ते करून घेणे हे आपले.

माता-भगिनींना एक विनंती. १५ ऑक्टोबरला दादासाहेबांची जयंती असते. धम्मचक्र प्रवर्तनदिनाच्या दुसऱ्याच दिवशी ती येते. नागपूरहून परतणाऱ्या, घरी खीर करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने त्या दिवशी मुलांना पाच मिनिटे बसवून या माणसाची गोष्ट सांगावी. भगवान बुद्धांनी सम्यक आजीविका सांगितली. दुसऱ्याच्या दारात लाचार न होता कष्टाची भाकरी खाणे हा तिचा पहिला अर्थ. पायाखाली हक्काची जमीन असल्याशिवाय खेड्यातल्या माणसाला ती भाकरी मिळत नाही, हे दादासाहेबांनी ओळखले होते. मुलगा आमदार होवो, शिक्षक होवो की शेतकरी राहो, त्याला सातबारा वाचता आला पाहिजे आणि सभागृहातल्या माणसाला त्याचा जाब विचारता आला पाहिजे. एवढे केले तरी कर्मवीरांना वाहिलेले फूल सुकणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!